चुन्याच्या घाणीपासून सिमेंटच्या गोणीपर्यंत

पनवेलच्या स्थानकाबाहेर पडून कोणत्याही रस्त्याने चालू लागावे, नव्या गृहसंकुलांचे फलक आपला पिच्छा सोडीत नाहीत. पूर्वी ह्या फलकांवर पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि हसतमुख कुटुंब एवढी सामग्री पुरत असे. ती अजूनही आहेच. पण अलीकडे तिच्या जोडीला एक नवे वचन येऊन बसले आहे. घर 'हरित' आहे, त्याचा कर्बभार कमी आहे, अमुक सालापर्यंत आमची सारी घरे कर्बशून्य होतील, असे कंपन्या आपल्या वार्षिक अहवालांत छापू लागल्या आहेत. इतिहासावर बोलावयास उभे राहिलेल्या माणसाने जाहिरातीपासून आरंभ का करावा, असे कोणी मनात म्हणत असेल. त्याचे कारण असे की, ह्या वचनाची किंमत ठरवावयाची झाली, तर ती ह्या गावाच्या जुन्या घरांच्या हिशेबाशेजारी ठेवूनच ठरवता येईल. घर बांधताना किती लाकूड, किती दगडी कोळसा, किती माती जळते, हा प्रश्न नवा नाही. त्याचे नाव तेवढे नवे आहे.

घराचा कर्बभार दोन प्रकारचा असतो, एवढे आधी ध्यानात घ्यावे. पहिला बांधणीचा : विटा भाजताना, चुना किंवा सिमेंट तयार करताना, लोखंड गाळताना आणि हे सारे वाहून आणताना हवेत गेलेला कर्बवायू. दुसरा राहणीचा : दिवे, पंखे, पाणी चढवणारे पंप, उद्वाहक आणि आता घरोघर बसू लागलेली वातानुकूलन यंत्रे. पहिला खर्च वास्तुशांतीच्या दिवशीच संपूर्ण झालेला असतो. तो परत फिरवता येत नाही. दुसरा पन्नास-साठ वर्षे हप्त्याहप्त्याने चालतो. जाहिराती बहुधा दुसऱ्याविषयी बोलतात, कारण त्यात वीजबिल कमी होण्याचे आमिष आहे. मी आज मुख्यतः पहिल्याविषयी बोलणार आहे.

पनवेल हे मूळचे बंदर, आणि घाटमाथा व समुद्र यांच्या मधली पेठ. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी खाडीतून होडीने पनवेलला उतरे आणि पुढे खोपोली-खंडाळ्याचा रस्ता धरी. १८३० साली बोरघाटातला रस्ता गाड्यांसाठी खुला झाला, तेव्हा देशावरच्या गाड्यांची येथे रीघ लागली. बैलगाडीची चाके बनवणे हा येथला प्रमुख धंदा, आणि देशावरून येणारा गाडीवान येथून चाकांची जोडी घेऊन जातो, अशी नोंद इंग्रज सरकारच्या गॅझेटिअरात आढळते. म्हणजे सुतार आणि लोहार ह्या गावात मुबलक होते. १८५० च्या २६ व्या कायद्यान्वये १८५२ साली येथे नगरपालिका झाली. महाराष्ट्रातील ती पहिली, असे पनवेलकर अभिमानाने सांगतात. अशा गावात वाडे उभे राहिले, यात नवल नाही.

तो वाडा कशाचा बांधीत? जोते काळ्या दगडाचे, जवळच्याच खाणीतले. भिंती विटांच्या अथवा दगडमातीच्या. खांब, तुळया, वासे, आढे सागाचे. ठाणे-कुलाब्याच्या जंगलातले, आणि धनिकांच्या वाड्यात मलबाराहून गलबताने आलेले. वर कुंभाराने चाकावर काढलेली नळीची कौले. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी, तिच्या पलीकडे विहीर. सागाचे लाकूड गलबतातून येवो की गाडीतून, ओढणारी शक्ती वाऱ्याची किंवा बैलाची. वाहतुकीचा दगडी कोळसा किंवा तेल शून्य. तळघरापासून आढ्यापर्यंतच्या बहुतेक वस्तू गावाच्या एका दिवसाच्या वाटेत मिळत. त्यात तत्त्वज्ञान काही नव्हते. लांबून आणणे परवडत नव्हते, एवढेच.

ह्या वाड्यातली सर्वांत विचार करण्यासारखी वस्तू म्हणजे चुना. आपल्यापैकी वयस्कर मंडळींनी चुन्याची घाणी पाहिली असेल : जमिनीत दगडांनी बांधलेला वर्तुळाकार चर, त्यात फिरणारे दगडी चाक, आणि डोळ्यांना झापड बांधलेला बैल. भट्टीत भाजलेली चुनखडी किंवा किनाऱ्यावरचे शिंपले पाण्यात विरवायचे, वाळू मिसळून घाणीत घोटायचे, त्यात गुळाचे पाणी, हरडा, बेलफळाचा गर असे काही घालायचे आणि मग तो चुना गवंड्याच्या हाती द्यायचा. आता त्यातले रसायन पाहा. शुद्ध चुनखडीचे १०० भाग भाजले, तर ५६ भाग चुना उरतो आणि ४४ भाग कर्बवायू होऊन उडून जातो. पण भिंतीत बसलेला चुना घट्ट होतो तो हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषून. वर्षे लोटतात, चुन्याची पुन्हा चुनखडी होते, आणि भट्टीने जे हवेत सोडले, त्यातले पुष्कळसे भिंत परत घेते. जळणाचा धूर तेवढा परत येत नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीवर खिळा ठोकू गेले असता तो वाकतो. त्या कठीणपणात शंभर वर्षांची हवा साठलेली आहे.

सिमेंटही त्याच चुनखडीपासून होते. चुन्याच्या भट्टीस सुमारे ९०० अंश उष्णता पुरते. सिमेंटच्या भट्टीस १४५० अंशांच्या आसपास लागते. चुनखडीतला वायू येथेही उडतो, आणि काँक्रीट तो परत घेते ते अत्यंत सावकाश आणि थोडा. शिवाय लोखंडी गजाभोवतीच्या काँक्रीटने तो फार शोषला, तर गज गंजू लागतात. जे चुन्याच्या भिंतीचे बळ, ती गजाच्या खांबाची व्याधी. जगात माणसाच्या हातून जेवढा कर्बवायू हवेत जातो, त्यातला शेकडा सात ते आठ हिस्सा एकट्या सिमेंटचा आहे. हे सारे देशांच्या विमानांहून अधिक आहे.

पण म्हणून जुना काळ निर्मळ होता, असे मी म्हणणार नाही. व्याख्यानपीठावरून वाड्यांची आरती ओवाळण्याची आपल्याकडे एक सवय आहे. ती मला मान्य नाही. वाडा गावातल्या थोड्यांचा. बाकीची वस्ती कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली, पेंढ्याने किंवा गवताने शाकारलेली. त्या घरांचा कर्बभार तर जवळजवळ काहीच नव्हता. पण त्यांना आग लागे, पावसात ती गळत, आणि दरवर्षी ती नव्याने शाकारावी लागत. विटांच्या आणि चुन्याच्या भट्ट्यांना लाकूड लागे, आणि ते भोवतालच्या डोंगरांवरून येई. माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याची राने मुंबईच्या चुलींसाठी आणि भट्ट्यांसाठी तुटली, कोळसा झाली. हा कोळसा पाडणारे हात कोणाचे? कातकऱ्यांचे. खैरापासून कात काढणे हा त्यांचा मूळ धंदा. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी तो आवळत आणला, आणि हा समाज कोळशाच्या भट्ट्यांकडे व पुढे वीटभट्ट्यांकडे ढकलला गेला.

त्या वीटभट्टीचा हिशेब कर्बाच्या हिशेबाहून जुना आहे. पावसाळ्यात घरी धान्य संपते, तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची; दिवाळीनंतर सारे कुटुंब पोराबाळांसह भट्टीवर जायचे; चिखल तुडवायचा, विटा थापायच्या; आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. १९८० नंतरच्या दशकात ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने अनेक आदिवासींना वेठीतून सोडवले. तरी रायगडात आजही भट्टीच्या हंगामात पाड्यावरची घरे बंद दिसतात आणि शाळेचा पट रोडावतो. कोणी कंपनी आपल्या घरांचा कर्ब मोजून देत असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण त्या मोजणीत वीट थापणाऱ्याचे वर्ष कोठे लिहावयाचे, याचा रकाना अजून कोणाच्या तक्त्यात माझ्या पाहण्यात नाही.

असो. गावाच्या कथेकडे वळू. १८६३ साली रेल्वे बोरघाट चढली, ती कल्याण-कर्जतवरून. पनवेलच्या बंदराला बाजूला टाकूनच ती गेली. गाड्यांची रीघ आटली, पेठ मंदावली. एका अर्थाने ह्याच मंदीने आपले वाडे शंभर वर्षे राखले, कारण पाडून नवे बांधण्याइतका पैसा कोणाकडे नव्हता. नव्या वस्तू मात्र येतच राहिल्या. १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला यंत्रावर कौले काढण्याचा कारखाना घातला, आणि ती चपटी, खाचेची कौले गलबतांतून सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरली. ती हलकी होती, कमी लाकडावर बसत, दरवर्षी परतावी लागत नसत. गृहिणींना ती आवडली, कुंभारांचा धंदा बसला. गावच्या घरावर परगावच्या कारखान्याचा माल चढला, तो अशा रीतीने छपरावरून.

मग सिमेंट आले. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली त्याचे पेटंट घेतले होते. हिंदुस्थानात मद्रासेस १९०४ साली पहिला प्रयत्न झाला. पण खरा पाया पडला तो पोरबंदरच्या कारखान्याने, १९१४ साली. १९३६ साली अनेक कारखाने एकत्र येऊन एसीसी ही कंपनी झाली. तरीही स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे सिमेंट ही साखरेसारखी नियंत्रणाखालची वस्तू होती. परवाना काढावा, खेटे घालावे, तेव्हा चार गोण्या पदरात पडत. ह्या गोणीला किती महत्त्व आले होते, याची साक्ष आपल्याच जिल्ह्याच्या पुत्राच्या कारकिर्दीत मिळते. कुलाब्याचे नाव 'रायगड' झाले ते १९८१ साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना; आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंटच्या वाटपावरून उठलेल्या वादात त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच फेब्रुवारीत केंद्र सरकारने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले, १९८९ साली ते पूर्ण गेले. त्यानंतर स्लॅबच्या घरांचा जो पूर आला, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. टंचाई होती, तोवर गवंडी सिमेंट चिमटीने वापरी. मुबलकता आली आणि हात सैल सुटला. कर्बाच्या इतिहासात मी १९८२ हे साल मोठे मानतो. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते ह्या कारणासाठी दिलेले नाही.

दरम्यान खाडीच्या दोन्ही अंगांना फार मोठी घडामोड चालू झाली होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघांनी १९६० नंतरच्या दशकात, मुंबईचा भार उतरवण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, अशी सूचना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन ह्या शहरासाठी ठरली. ही जमीन ओसाड नव्हती. भाताची खाचरे होती, मिठागरे होती, खाजणे होती. मोबदल्याचा प्रश्न चिघळत गेला, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला; त्यात पाच जणांना प्राण गमवावे लागले. दि. बा. पाटील यांनी चालवलेल्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची पद्धत पुढे आली. नव्या शहरातल्या कोणत्याही इमारतीचा हिशेब मांडताना पहिली ओळ ही असावयास हवी.

ह्याच काळात, पनवेलहून गाडीने थोड्या मिनिटांवर असलेल्या बेलापूरला, एक प्रयोग झाला. तो मला ह्या सबंध विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. सिडकोसाठी कोरियांनी तेथे १९८३ ते १९८६ या काळात जी वसाहत बांधली, ती 'आर्टिस्ट व्हिलेज' ह्या नावाने आपल्याला माहीत आहे. डोंगराच्या कुशीत सहा हेक्टर जागा. तीत सुमारे साडेपाचशे कुटुंबे. उंच मजले नाहीत, उद्वाहक नाहीत. प्रत्येक घर सुटे, स्वतःच्या भूखंडावर, आणि प्रत्येकाला उघड्या आभाळाखालचे थोडे अंगण. सर्वांत लहान भूखंड ४५ चौरस मीटरांचा, सर्वांत मोठा ७५ चा. म्हणजे गरीब आणि सधन यांच्या जागेत दुपटीचाही फरक नाही. सात घरे मिळून एक चौक, आठ मीटर लांब आणि तितकाच रुंद. असे तीन पुंजके एकत्र आले की एकवीस घरांचा बारा मीटरांचा मोठा चौक. आणि ही साखळी पुढे वाढत ओढ्यापर्यंत जाते. घरे विटांची, चुन्याने पांढरी केलेली, उतरत्या कौलारू छपरांची. स्थानिक गवंड्याला बांधता येतील अशी. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, ती ह्यासाठी की उद्या मुलाचे लग्न झाले, तर खोली वाढवताना शेजाऱ्याची परवानगी लागू नये.

कोरियांनी ह्या वसाहतीसंबंधी बोलताना कर्बाचा हिशेब मांडला नव्हता. ते समतेविषयी बोलत, आणि आपल्या हवेत उघडे आभाळ हीच एक खोली असते, असे सांगत. पण आज जो मनुष्य कमी कर्बाच्या घराची कृती मागेल, त्याला ह्याहून फारसे वेगळे काही सांगता यावयाचे नाही : बसकी घरे, थोडे लोखंड, जवळचा माल, वाऱ्याला वाट, भिंतीला सावली, आणि तरीही एका हेक्टरात नव्वदाच्या वर कुटुंबे. उंच मनोऱ्यावाचून दाट वस्ती होत नाही, हा समज तेथे खोटा ठरला आहे.

आज तेथे जाऊन पाहाल, तर मूळची कौलारू घरे फार थोडी उरली आहेत. त्यांच्या जागी दोन-तीन मजली स्लॅबची घरे उभी आहेत, रंगीत फरशा लावलेली, गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या असलेली. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी हे पाहून हळहळतात. मला ती हळहळ पुरी पटत नाही. वाढता यावे म्हणूनच ती घरे तशी आखली होती, आणि लोकांनी ती वाढवली. चौक अजून चौकच आहेत. पण घर वाढवताना प्रत्येकाने निवडले ते काँक्रीट, कारण एव्हाना बाजारात दुसरे काही मिळत नव्हते. कौले बसवणारा कारागीर मिळेना, सागाचा भाव कडाडलेला, बँकेला कर्जासाठी 'पक्के' बांधकाम हवे, आणि आपल्या भाषेत तर पक्के म्हणजे स्लॅब, कच्चे म्हणजे बाकी सर्व, असा अर्थच रूढ होऊन बसलेला. नकाशा टिकला, साहित्य टिकले नाही. एका वास्तुकाराच्या हातात नकाशा असतो. विटेचा, चुन्याचा आणि कर्जाचा बाजार त्याच्या हातात नसतो.

हाच धडा वर्ध्याजवळही मिळतो. १९३६ साली गांधीजी शेगावास राहावयास गेले, त्या गावाचेच पुढे सेवाग्राम झाले. तेथल्या कुट्या माती, बांबू आणि कौले यांच्या आहेत. आदर्श घर पाच मैलांच्या परिघातल्या साहित्याचे असावे, असे गांधीजींनी आपल्याला सांगितल्याचे लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुकार म्हणत. बेकरांनी ते तत्त्व केरळात नेले आणि शेकडो घरे बांधली. विटा उभ्या रचून मध्ये पोकळी सोडण्याच्या त्यांच्या पद्धतीने शेकडा पंचवीसच्या आसपास विटा वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. वर्ध्यात देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या घरांवर चिकाटीने काम केले. ज्ञान आपल्याजवळ होते. कंपन्यांनी ते शोधून काढलेले नाही, आणि त्यांनी ते फार काळ वापरलेही नाही.

आता त्या वचनांकडे येऊ. घरे 'हरित' ठरवणाऱ्या संस्था आपल्याकडे ह्या शतकाच्या आरंभापासून आहेत. भारतीय हरित इमारत परिषद २००१ साली निघाली, 'गृह' नावाची देशी गुणांकन पद्धत त्यानंतर आली. २०१८ च्या डिसेंबरात केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने 'इको निवास संहिता' काढली. भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तीत घातली आहे. महिंद्रांच्या गृहबांधणी कंपनीने, २०३० पासून आपण केवळ निव्वळ-शून्य इमारतीच बांधू, असे जाहीर केले आहे. हे वचन पाळले गेले, तर ती मोठी गोष्ट होईल, आणि आधीच थट्टा करण्याचे कारण नाही.

पण वचनाची मोजपट्टी समजून घेतली पाहिजे. कंपन्या आपला कर्ब तीन कप्प्यांत मांडतात. पहिल्या कप्प्यात स्वतः जाळलेले डिझेल. दुसऱ्यात स्वतः विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात इतर सर्व, म्हणजे विकत घेतलेले सिमेंट, लोखंड, विटा, काच, आणि घर विकल्यावर राहणाऱ्यांनी वापरलेली वीज. घर बांधणाऱ्या कंपनीचा जवळजवळ सारा भार ह्या तिसऱ्या कप्प्यात असतो. कचेरीवर सौरपत्रे बसवून पहिले दोन कप्पे रिकामे करणे सोपे आहे. म्हणून 'कर्बशून्य' हा शब्द कानी पडला की कोणते कप्पे धरले, एवढे विचारावे. दुसरा प्रश्न सिमेंटचा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा गोण्यांत औष्णिक वीजकेंद्रांची राख किंवा पोलादाच्या भट्टीची मळी मिसळलेली असते. त्यामुळे आपले सिमेंट जगाच्या सरासरीहून थोडे हलके पडते. तरी एका टनामागे सहाशे किलोंच्या घरात कर्बवायू जातोच. मळीचे प्रमाण वाढवता येते, चुन्याचा गिलावा करता येतो, पश्चिमेच्या भिंतीला सज्जा देता येतो, काचेचे प्रमाण आवरता येते. ह्यातले काहीच दुर्मिळ नाही. पश्चिमेकडे तोंड करून उभी असलेली काचेची भिंत आणि तिच्यामागे गुरगुरणारे वातानुकूलन यंत्र, एवढे पाहिले तरी फलकावरच्या शब्दाची परीक्षा होते. त्याला अभियंता लागत नाही.

आपल्या गावापुरते पाहिले, तर १ ऑक्टोबर २०१६ पासून आपण महापालिकेत आहोत. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावे हलली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या ओढीने नव्या इमारतींच्या रांगा लागल्या आहेत. डोंगरांच्या पोटातून खडी निघते आणि त्याच डोंगरांच्या दर्शनाचा भाव सदनिकेत धरला जातो.

ह्याच डोंगरांच्या रांगेत, आपल्यापासून फार दूर नाही, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी ठाकरांची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, दिवसभराच्या मुसळधार पावसानंतर, कडा तिच्यावर कोसळला. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे सापडली नाहीत आणि शोध थांबवावा लागला. एका दरडीचे कारण एखाद्या सिमेंटच्या गोणीत शोधणे अडाणीपणाचे होईल. पण हवा तापली की ती अधिक बाष्प धरते आणि पाऊस थोड्या तासांत फार पडतो, हे आता शास्त्र निश्चित सांगते. त्या वाडीतल्या घरांचा कर्बभार आपल्या एका सदनिकेच्या मानाने नगण्य होता. वाचलेल्यांसाठी सिडकोने चौकजवळ ४४ घरे बांधली, अर्थात पक्की.

शेवटी पुनर्विकासाविषयी, कारण तो आज येथे बसलेल्या अनेकांच्या दारात आलेला आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या इमारती चाळीस वर्षांत पाडण्यास आल्या आहेत. काही खरोखर धोक्याच्या आहेत, आणि त्या पाडल्याच पाहिजेत. काही केवळ वाढीव चटईक्षेत्रापायी पाडल्या जात आहेत. पाडलेल्या इमारतीबरोबर तिच्यात घातलेला सारा कर्ब वाया जातो, आणि नवीसाठी तेवढा, बहुधा अधिक, पुन्हा घालावा लागतो. नव्या इमारतीची वीजबचत तो खर्च भरून काढावयास पुष्कळ वर्षे घेते. गृहसंस्थेच्या सभेत वास्तुविशारदाकडून दोन अहवाल मागवता येतात : पाडून बांधण्याचा एक, आणि दुरुस्त करून गज-खांब बळकट करण्याचा दुसरा. पहिला अहवाल बांधकाम व्यावसायिक स्वतःच्या खर्चाने आणून देतो. दुसऱ्याचे पैसे सभासदांना द्यावे लागतात, म्हणून तो क्वचितच मागवला जातो.

जुना वाडा उतरवीत असत तेव्हा 'उतरवणे' हाच शब्द होता. तुळया मोजून खाली घेत, वासे क्रमाने रचीत, कौले बैठ्या चाळीवर जात, दगड दुसऱ्या जोत्याला लागे. पनवेलच्या वाड्यांतले सागवान अजूनही जुन्या लाकडाच्या वखारीत येते आणि त्यातून नव्या सदनिकेचा मुख्य दरवाजा होतो. चांगला भाव देऊन लोक तो घेतात. स्लॅब मात्र फोडावाच लागतो. गज भंगारवाला नेतो, आणि उरलेला राडारोडा रात्रीच्या डंपरमधून खाडीच्या कडेला जातो, तिवरांच्या मुळांवर.